चांगुणाचा डूख

चाकूरच्या चांगुणानं रेवणप्पावर डूख धरला तो बहात्तरच्या दुष्काळात.

त्या साली अर्धा गाव तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होता. चांगुणा आणि तिचा नवरा भुजंग, दोघंही. भुजंग हाडापेरानं दणकट, पण त्या उन्हाळ्यात तो वाळत चालला. टँकर आला की सगळ्यांच्या पुढं तोच. कितीही प्यायला तरी त्याची तहान भागत नसे.

"एकटाच टँकर पितोस का रं?" मुकादम ओरडायचा आणि बाया हसायच्या. घोटभर पाण्यासाठी लोक भांडत होते, त्यात नवऱ्याची ती तहान बघून चांगुणालाही लाज वाटायची. ही लाज पुढं तिला जन्मभर डाचत राहिली.

स्टँडसमोर रेवणप्पाचा दवाखाना होता. उदगीरला एका डॉक्टरकडं तो कंपाउंडर होता. इथं येऊन आपणच डॉक्टर झाला. त्यानं भुजंगाला बाकावर निजवलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "लघवी करतोस तिथं मुंग्या लागतात का रे?"

"लागतात की. लई."

"हूं," म्हणून रेवणप्पानं ताकदीची बाटली लावली. ताकदीची म्हणजे साखरेच्या पाण्याची सलाईन.

मग दर बाजाराला एक बाटली. बाटली चढली की भुजंगाला घटकाभर हुशारी वाटे आणि दुसऱ्या दिवशी तो जास्तच गळून जाई. या बाटल्यांपायी शेळी गेली, चांगुणाचे चांदीचे वाळे गेले, शेवटी घरावरचे पत्रेही उतरवावे लागले. एक दिवस खडीची कपची भुजंगाच्या अंगठ्यात घुसली. जखम भरेना. अंगठा काळा पडला, तरी रेवणप्पा मलमच लावत राहिला. वास सुटला तेव्हा चांगुणाचा भाऊ लिंबाजी यानं मेहुण्याला एसटीत घालून लातूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी लघवी तपासली. "बाई, यांना साखरेचा आजार आहे. आणि तुम्ही वरून साखरच भरत होता?"

पाय मांडीतून कापला. तरी भुजंग वाचला नाही.

त्याला पोचवून आल्यावर चांगुणा थेट रेवणप्पाच्या दारात उभी राहिली.

"मुंग्यांचं इचारलं व्हतंस न्हव? तुला ठाऊक व्हतं. मग बोलला कामून न्हाईस?"

रेवणप्पा जागचा हललासुद्धा नाही. "सांगून काय करणार होतीस? रोजचं औषध आयुष्यभर घ्यावं लागतं त्याला. तुला परवडलं असतं का?"

ती माघारी फिरली. परवडलं असतं का, हे ठरवायला हा कोण? शेळी, वाळे, पत्रे गिळताना ह्यानं विचारलं होतं का परवडतंय म्हणून? चांगुणा घरी आली ती हा एकच सवाल मनात घेऊन.

दुष्काळ सरला. गाव सोडून ती लातूरला भावाकडं राहिली, मिळेल त्या कामाला गेली. ब्याऐंशी साली लातूरचा वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या वाढल्या, सरकारी दवाखान्यात माणसं घेतली. त्यात चांगुणा आया म्हणून लागली. बाहेरच्या रुग्णांना दारावरून एकेक करून आत सोडायचं तिचं काम.

पुढं तिलाही साखर निघाली. लिंबाजी घाबरला, पण ही हसली. "आता दावते त्येला, परवडतं का न्हाई ते." भात सोडला, गूळ सोडला, ज्वारीची भाकरी आणि भाजी धरली. नोकरीला चालत जायची, चालतच यायची. सकाळची गोळी ती अशी चावून खायची, की जणू दाताखाली रेवणप्पाच सापडलाय. जगायची हौस तिला फार नव्हती. रेवणप्पाच्या आधी मात्र मरायचं नव्हतं.

आणि चाकूरचं कोणी भेटलं, की पाय आधी बघायची. जखम दिसली की दंडाला धरून डॉक्टरांसमोर नेऊन बसवायची. "त्या कसायाकडं पुन्हा जाशील तर माझं नाव घेऊ नको," म्हणायची. रेवणप्पाचं गिऱ्हाईक असं एकेक करून तुटत गेलं.

एका उन्हाळ्यात रेवणप्पाच दवाखान्याच्या दारात आला. बायकोला, शिवम्माला, धरून आणलं होतं. तिच्या पावलाला फडकं गुंडाळलेलं. तो वास चांगुणाला ओळखीचा होता. जाऊ दे हिचाबी पाय, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं शिवम्माला सावलीतल्या बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि रेवणप्पाच्या आडवी आली.

"चांगुणाबाई, लवकर आत घ्या. हात जोडतो."

"घेते. आधी ह्या लोकांला सांग, भुजंगाला काय झालं व्हतं."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यांत चाकूरकडचीही होती.

"साखर होती," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. आन् तुला कधी कळलं व्हतं?"

"पहिल्याच दिवशी," तो म्हणाला. या खेपेला सगळ्यांना ऐकू गेलं.

चांगुणा बाजूला झाली. पण तेवढ्यात बाकावरून शिवम्मा बोलली. "माझ्याबी लघवीचं तुम्ही दोन वर्षांमागं इचारलं होतं. मुंग्यांचं." डॉक्टरची बायको सरकारी दवाखान्यात गेली तर लोक काय म्हणतील, म्हणून रेवणप्पानं तिलाही घरातच मलमावर ठेवलं होतं. चांगुणालाही हे नवीन होतं.

शिवम्माची दोन बोटं गेली, पाय वाचला. दवाखान्यातून सुटल्यावर ती नवऱ्यासोबत गेली नाही. भावाबरोबर निलंग्याला गेली. दर महिन्याला गोळ्यांना येई, तेव्हा चांगुणा तिचं पाऊल मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या तपासायची. दोघी रेवणप्पाचं नाव काढत नसत.

चाकूरच्या दवाखान्यात मग चिटपाखरू फिरकेना. रेवणप्पा एकदा लिंबाजीकडं आला, माफीचं बोलला. लिंबाजीचं मन विरघळलं. "सोड आता अक्का, म्हातारा झालाय," त्यानं बहिणीला समजावलं.

"भुजंगाला म्हातारं व्हायचं न्हवतं का?" चांगुणा म्हणाली आणि चुलीपुढून उठून गेली.

वर्षभरात रेवणप्पा दवाखाना मोडून बीदरकडं कुठंतरी निघून गेला. लोकांना वाटलं, आता चांगुणाच्या जिवाला थंडावा मिळाला असेल. तिला मात्र तो नजरेआड झाल्याचीच चुटपूट लागली. तो अजून जिता आहे का गेला, हे बीदरकडून येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारत राहिली.