कोमट डबा

खारघरच्या त्या इमारतीत खाली नऊ दुकानं आहेत आणि वर चाळीस घरं. सगळ्यांचा कचरा मागच्या गल्लीत, चाकं लावलेल्या दोन मोठ्या लोखंडी डब्यांत जमा होतो. हे डबे सांभाळते हौसा घरत. ती जवळच्याच बेलपाडा गावची, वय अठ्ठावन्न. हे टॉवर उभे राहिले त्याच्या कितीतरी आधीपासून बेलपाडा तिथं आहे आणि हौसाच्या सासरची भातशेती होती तिथं आता कॉलेज आहे. मुलगा हरेश शाळेची व्हॅन चालवतो. "आई, आता घरी बस," म्हणतो. पण नुसतं बसून राहणं तिला कधी जमलंच नाही.

शिवाय कचऱ्यातून माणसं कळतात, याचं तिला मोठं नवल वाटायचं. चपलांच्या दुकानात नवा माल कधी आला, कोणाकडे पाहुणे उतरलेत, कोणी पथ्य सोडलं, सगळं तिला न विचारता कळायचं. ती ते कोणाला सांगायची मात्र नाही.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी डबा सरकवताना तिचा हात पत्र्यावरच थांबला. पत्रा कोमट लागत होता. ऊन म्हणावं, तर त्या गल्लीत ऊन दुपारी दोनच्या आधी येत नाही. दुसरा डबा गार होता.

तिनं वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, कचरा सडला की गरम होतोच."

"सडतो तर दोनी डब्यांत सडतो," हौसा म्हणाली. "मंग यकच कसा गरम?"

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम हात लावून बघू लागली. बुधवारी कोमट, गुरुवारी कोमट, रविवारी तर चांगलाच गरम. सोमवारी मात्र गार. पुढच्या सोमवारीही तेच. सोमवारी काय बंद असतं, याचा विचार करत ती इमारतीच्या पुढच्या बाजूला गेली आणि एकेक दुकान बघत उभी राहिली. कोपऱ्यावरचं तंदूरचं हॉटेल सोमवारी बंद असायचं.

मग बुधवारी ती नऊ वाजताच येऊन बसली. हॉटेलचा कामगार एक ओलं पोतं घेऊन आला आणि डब्यात टाकून गेला. पोत्यात रात्रीच्या तंदूरची राख होती.

हॉटेलचा मॅनेजर निकेश हिशोबी पण सरळ माणूस. तो म्हणाला, "मावशी, आम्ही त्यावर बादलीभर पाणी मारतो. विझलेली राख आहे ती."

"वरून विझली हाय," हौसा म्हणाली. "आमी रातचा विस्तव राखेतच पुरून ठेवायचो. सकाळी उकरला की चूल पेटायची. राख विस्तव मारीत नाय, निजवते."

निकेश हसला. त्याला गिऱ्हाईक होतं. हौसा परत फिरली खरी, पण डब्याशी आल्यावर तिची नजर वर गेली. डब्याच्या बरोबर वर भिंतीत चाळीस घरांचे वीजमीटर होते. डब्यात चपलांची खोकी गच्च भरलेली.

ती तडक सोसायटीच्या सेक्रेटरी सुमतीबाईंकडे गेली. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, कागदाशिवाय काही न मानणाऱ्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाखवता येईल?"

दुसऱ्या दिवशी सुमतीबाई आणि निकेश, दोघंही गल्लीत हजर होते. हौसानं ताजं आलेलं पोतं घमेल्यात ओतलं. वरचा थर ओला, काळा, चिखलासारखा होता. तिनं काठीनं तो फोडला. आत राख कोरडी होती आणि तिच्या पोटात सुपारीएवढे तीन निखारे. तिनं खोक्याचा एक तुकडा वर धरला, हलकेच फुंकर घातली. तुकडा पेटला.

निकेशनं तो पायानं विझवला आणि म्हणाला, "इतके दिवस हेच चाललं होतं?"

"थंडीत पत्रा कोमट लागला म्हनून मला कळलं," हौसा म्हणाली. "आधीचं मला ठाव नाय."

त्याच दिवशी डबे मीटरपासून दूर, मोकळ्या कुंपणाशी नेले. निकेशनं झाकणाचं लोखंडी पिंप आणलं. राख त्यात दोन दिवस राहायची, हौसा काठीनं ढवळून बघायची आणि मगच ती डब्यात जायची. चपलांच्या दुकानदाराला खोकी मोडून, बांधून वेगळी ठेवायला सांगितलं. तो दोन आठवडे कुरकुरला. सुमतीबाईंनी नियम लिहून भिंतीवर लावले आणि खाली हौसाचं नाव घातलं. हौसाला वाचता येत नव्हतं. हरेशनं वाचून दाखवलं तेव्हा तिनं ते दोनदा वाचायला लावलं.

फेब्रुवारीत शेजारच्या इमारतीचे लोक आले. त्यांच्याकडेही खाली दुकानं, वर घरं आणि मधे सामाईक डबे. म्हणाले, मावशी, एकदा बघून जा.

हौसा पदर खोचून निघाली. वाटेतच तिनं विचारलं, "तुमच्याकडं दुकानं कसली कसली हायत?"