वारलेल्या पेशंटचा मेसेज
कसबा बावड्यातल्या घरी बसून मी हॉस्पिटलांत पेशंटच्या नोंदी ठेवायला वापरतात अशा एका ऑब्जेक्ट डेटाबेसबद्दल डेव्हलपरांच्या प्रश्नांना फोरमवर उत्तरं देतो. परवा एकानं विचारलं, पेशंट वारल्यावरही हॉस्पिटलचे 'तपासणीला या' असे मेसेज जातात, ते थांबवायचे कसे? मी चिडूनच लिहिलं, मृत्यूची नोंद एका सिस्टिमला करता आणि मेसेज पाठवणाऱ्या सिस्टिमला कळवतच नाही; आधी त्या दोन्ही जोडा. खाली कोडही दिला.

वडील जाऊन वर्ष होत आलं, तरी इथल्या दवाखान्यातून त्यांच्या पूर्ण नावानं मला दर महिन्याला असाच मेसेज येतो. उत्तर लिहून झाल्यावर तक्रार करायला तिकडंच निघालो, तर आई म्हणाली, "येऊ दे की. ह्यांचं नाव घ्यायला आता दुसरं कोण हाय?"