चौलचं दुसरं रीळ

आमचा विभाग सरकारी खात्यातून बाहेर पडून स्वतंत्र सार्वजनिक संस्था झाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तीन याद्या केल्या. आपल्याकडे काय आहे, काय असायला हवं होतं आणि कोणाकडे जाऊन मागायचं. देशभरातल्या चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणं जपणं हे आमचं काम. तिसऱ्या यादीत चौलचे एक म्हातारे चाचा होते. पूर्वी त्यांचा तंबूतला सिनेमा होता. किहीमपासून दिवेआगरपर्यंत खेळ करत. स्वातंत्र्याच्या दिवशी त्यांनी उसन्या कॅमेऱ्याने रेवदंड्याचा किनारा टिपला. दोन रिळं झाली. पहिलं त्यांनी मागेच खात्याला देऊन टाकलं होतं. दुसरं आणायला मी निघाले.

मुंबईहून रेवसपर्यंत लाँच, पुढे एसटी, मग सुपारीच्या वाडीतून चालत. चाचींनी चहा दिला. चाचांनी माझं पत्र वाचून घडी घातली.

"देतो की," ते म्हणाले. "आधी पहिलं दाखवा."

पहिलं नव्हतं. ज्या फितीची पाच वर्षांत कोणी मागणी केली नाही ती निकामी, असा खात्याचा नियम. वर्षअखेरीस यादी मी करायची, साहेब सही करायचे, माल लिलावात जायचा. घेणारे फीत धुऊन चांदी काढत, उरलेल्या पट्टीच्या बांगड्या होत. चाचांच्या रिळापुढे 'मागणी नाही' हे मीच लिहिलं होतं.

"सापडत नाही" असं सांगायचं, हे मी एसटीत ठरवून आले होते. समोर बसल्यावर ते जमेना.

"चाचा, ते विकलं गेलं. निकामी मालाच्या यादीत मीच घातलं होतं."

त्यांनी माझ्या पत्राची घडी पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "त्यात माझा भाऊ होता. पावसाळा होता, होड्या अजून वर ओढलेल्या. एका होडीला झेंडा बांधत होता. त्याच थंडीत गेला. फोटोला कधी उभा राहिला नाही."

"मी सांगत व्हते, देऊ नगा," चाची म्हणाल्या. "तर म्हणे सरकारात दिलंय, घरच्या पेटीपेक्षा बरं. आता पुन्हा सरकारच दारात हाय."

"आता आम्ही खात्याच्या हाताखाली नाही," मी म्हणाले.

"म्हणजे माहेर सोडलं, पण सासरी न्हाय गेलीस," चाची म्हणाल्या.

चाचा हसले नाहीत, पण त्यांनी मला उठायलाही सांगितलं नाही. मी नवे नियम सांगितले. मागणीचा रकाना आता नाही. संस्थेचं स्वतःचं मंडळ आहे. त्याच्या ठरावाशिवाय आणि देणाऱ्याला लेखी विचारल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही.

"आणि मंडळाला वेड लागलं तर?" चाचांनी विचारलं.

"लागू शकतं. पण आधी तुम्हाला विचारावं लागेल. पूर्वी कोणाला विचारायचंच नव्हतं."

"बघतो," ते म्हणाले. मी रिकाम्या हाताने परतले.

महिन्याभराने दोघं स्वतःच मुंबईला आले. रिळाचा डबा गोधडीत गुंडाळलेला. जुनी फीत उन्हाने पेट घेते, म्हणून चाचींनी लाँचमध्ये वर ओला पंचा धरून ठेवला होता. चाचांनी आधी खोली पाहिली, कपाटांवरून हात फिरवला, ही खोली थंड ठेवायची जबाबदारी कोणाची ते विचारलं. मग डबा माझ्या हातात दिला.

हळू फिरवायच्या यंत्रावर आम्ही रीळ पाहिलं. किनारा, होड्या, पोरं, छत्र्या, गर्दी. गर्दीत एक पाठमोरा माणूस वाळूवरून खांदा वाकडा करून चालत जातो.

"थांबवा," चाची म्हणाल्या. "तोच हाय."

"अशी चालणारी गावात पुष्कळ आहेत," चाचा म्हणाले, पण यंत्रापासून हलले नाहीत. तेवढाच तुकडा मी तीनदा फिरवला.

मग मी नोंद लिहायला बसले. किनारा, होड्या, जमाव. पाठमोरी व्यक्ती, बहुधा देणाऱ्याचा भाऊ. लिहिलेलं त्यांच्यापुढे ठेवलं. चाचांनी दोनदा वाचलं आणि 'बहुधा' काढायला सांगितलं.

मी काढलं.