पिठाच्या हातांनी भरलेल्या कॅसेटी

अमेरिकेतल्या यंगस्टाउन या पोलादाच्या गावात लग्न म्हटलं की केक नंतर, आधी कुकींचं टेबल. नवरीकडच्या बायका, शेजारणी, चर्चमधल्या मैत्रिणी महिनाभर आधीपासून भाजायला लागतात, आणि ज्या लग्नात टेबल भरलं नाही त्याची आठवण नवरीला मुलंबाळं झाली तरी काढली जाते. मार्लीन हुडाक हे काम शाळेत असल्यापासून करत आली होती. दुसऱ्यांच्या लग्नांसाठी कोलाची, म्हणजे सारण भरलेल्या कुकी, लाटता लाटता पोरीचं स्वतःचं लग्न राहून गेलं, असं तिची आई वेरोना चारचौघांत म्हणायची. मार्लीनला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. दिवसा ती दाताच्या दवाखान्यात फोन घ्यायची. संध्याकाळी स्वयंपाकघरात लेनी वर्गो असायचा.

लेनी म्हणजे रेडिओतला. बाकीच्या स्टेशनांवरची माणसं गाडी सुटत असल्यासारखी बोलायची. छोटं गाणं, लगेच जाहिरात, पुन्हा ओरडणं. एफएमकडे तेव्हा कोणी फिरकत नव्हतं, म्हणून स्टेशनच्या मालकांनी ते लेनीसारख्या लांब केसांच्या पोरांच्या हवाली केलं होतं. लेनी रॉकच्या रेकॉर्डची अख्खी बाजू लावायचा. मग समोर बसल्यासारखा, हळू आवाजात, ती त्याला का आवडते ते सांगायचा. मध्येच पोलादाच्या भट्ट्यांवर आभाळ कसं लाल झालंय, तेही. मार्लीनशी तोवर कोणी असं निवांत बोललं नव्हतं. घरात तिच्याशी बोलणं म्हणजे "ओव्हन बघ."

पहिल्या पगारवाढीला तिने कॅसेट रेकॉर्डर घेतला आणि रेडिओसमोर पिठाच्या डब्यावर ठेवला. गावातली हौशी पोरं रेकॉर्ड करायची ती बटणावर बोट ठेवून. निवेदक बोलायला लागला की थांबवायचं, गाणं लागलं की सुरू करायचं. कॅसेटमध्ये नुसती गाणी हवीत, बडबड कशाला? मार्लीनला हे जमायचं नाही. तिचे हात कोपरापर्यंत पिठात. त्यामुळे तिच्या कॅसेटींत सगळंच गेलं. गाणी, लेनी, लाटण्याची ठकठक आणि वेरोना.

एकदा दवाखान्यातल्या मैत्रिणीच्या घरी पार्टीला ती एक कॅसेट घेऊन गेली. तिथल्या मोठ्या मशीनवाल्या पोरांनी ती थोडी ऐकली आणि सगळे पोट धरधरून हसले. "अगं, हा कार्यक्रम आहे की तुमच्या घरचं भांडण?" त्यानंतर कॅसेटी कुकींच्या पत्र्याच्या डब्यांत गेल्या आणि डबे तळघरात. मार्लीनने पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही.

भट्ट्या विझल्या, वेरोना गेली, मार्लीनचे केस पांढरे झाले. कुकी भाजणं मात्र थांबलं नाही. अशाच एका वसंतात चर्चच्या तळघरात लेनीच्याच नातीच्या, केटलिनच्या, लग्नाचं काम चाललं होतं. लेनीची बायको थेरेसा मार्लीनशेजारी अक्रोडाचं सारण भरत होती.

"टेबल होईल गं छान," थेरेसा म्हणाली. "मला केटलिनला तिच्या आजोबांचा आवाज ऐकवायचा होता. ते काही होत नाही."

लेनीच्या घशाचं ऑपरेशन केटलिन जन्मायच्या आधी झालेलं. तेव्हापासून तो मानेला छोटं यंत्र लावून बोलायचा. यंत्र बोलायचं, माशी गुणगुणावी तसं.

"स्टेशनवर असेल की," पलीकडे लाटत बसलेली ॲग्नेस म्हणाली.

"स्टेशन विकलं तेव्हा सगळं कचऱ्यात गेलं. जुन्या ऐकणाऱ्यांनी कॅसेटी पाठवल्या, खोटं कशाला बोलू. किती जपलेल्या! गाणी कशी काचेसारखी स्वच्छ. गाणं संपतं, लेनी श्वास घेतो, आणि खट्. पुढचं गाणं. सगळ्यांनी माझ्या नवऱ्याला कापून टाकलंय."

"नवऱ्याला गप्प करायचं बटण होतं," ॲग्नेस म्हणाली, "आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही!"

सगळ्या हसल्या, थेरेसाही हसली. मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "मार्लीन, खरं सांगू? मलाच आता तो आवाज आठवत नाही. माणूस रोज समोर बसून कॉफी पितो आणि मला त्याचा आवाज आठवत नाही."

मार्लीनच्या हातातली कोलाची चेपली गेली. डबे तिच्या डोळ्यांसमोर आले. पाठोपाठ वेरोनाचं तोंडही आठवलं. आपली आई ज्याला शिव्या घालतेय ते त्यालाच नेऊन ऐकवायचं? आणि इतक्या वर्षांनी टेप वाजेल तरी का? तिने दुसरी कोलाची लाटायला घेतली.

घरी आल्यावर कोटसुद्धा न काढता ती तळघरात उतरली. पहिली कॅसेट नुसतीच खरखरली. दुसरीची फीत मशीनने गिळली. तिसरी लावली आणि स्वयंपाकघरात लाटणं वाजायला लागलं. मार्लीन तिथेच खुर्चीवर बसली.

रविवारी प्रार्थनेनंतर ती डबा घेऊन वर्गोंच्या दारात उभी राहिली.

"अजून कुकी?" थेरेसा म्हणाली. "टेबल मोडेल गं बाई!"

"कुकी नाहीत. आधीच सांगते, गाणी नीट आलेली नाहीत. आणि आई मध्ये मध्ये बोलते. तिच्या वतीने मी माफी मागते, लेनी."

लेनी टेबलाशी बसला होता. त्याने भुवया उंचावल्या. मार्लीनने कॅसेट लावली. ठकठक, गिटारचा शेवटचा सूर, मग श्वास. थेरेसाने सवयीने डोळे मिटले.

खट् झालं नाही.

"येताना पुलावर थांबलो होतो," टेपमधला लेनी म्हणाला. "कारखान्याची पाळी सुटत होती. सगळ्यांच्या हातात जेवणाचे रिकामे डबे. म्हटलं, यातलं कोणीतरी घरी जाऊन रेडिओ लावेल. लावला असेल तर बसा. घाई नाही. ही अख्खी बाजू तुमची."

त्यावर वेरोना खणखणीत आवाजात म्हणाली, "हा मेला झोपेत बोलतो की पिऊन? मार्लीन, ओव्हन!"

आणि एक तरुण मुलगी म्हणाली, "गप गं आई, लेनी बोलतोय."

थेरेसाने पदर धरावा तसं मार्लीनच्या कोटाचं टोक मुठीत धरलं होतं. लेनीचे खांदे गदगदत होते. तो रडतोय असं वाटून मार्लीन घाबरली. पण तो हसत होता, आवाज न करता, डोळे पुसत. त्याने यंत्र मानेला लावलं.

"झोपेतही आणि पिऊनही," यंत्र गुणगुणलं. "दोन्ही."

"तेव्हाच फोन करून तुझे आभार मानायचे होते," मार्लीन म्हणाली. "हातच मोकळे नसायचे रे कधी."

लेनीने तिचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. थेरेसाने कॅसेट मागे फिरवून पुन्हा सुरू केली. लाटणं वाजलं, गिटार संपली. लेनीला काहीतरी सांगायचं होतं. त्याने यंत्र पुन्हा उचललं.

थेरेसाने त्याच्या हातावर चापट मारली.

"गप रे," ती म्हणाली. "लेनी बोलतोय."