पुष्पाच्या बोरींवरची लाख

दुर्ग स्टेशनवर भाची पुष्पा मला घ्यायला आली, तेही स्कूटर घेऊन. माझ्या वयाच्या बाईसाठी रिक्षा तरी आणावी! पण "जय भीम मावशी, घट्ट धर, मांगं पाहू नको," म्हणत तिनं मला बसवलंसुद्धा. रुआबांध्याच्या तिच्या घरापर्यंत मी डोळे मिटूनच भिलाई पाहिली.

सकाळी चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टमाट्याची चटणी खाऊन आम्ही ऑटोनं अहिवाऱ्याकडं निघालो. जावई भिलाईच्या स्टील प्लांटातून रिटायर झालेले. तिकडं त्यांचा जमिनीचा लहानसा तुकडा आहे. बोरींच्या रांगा आणि मधे तूर. मी बोरं शोधायला फांदी ओढली, तर हाताला खरबरीत पापुद्रा लागला.

"ईऽ, रोग पडला गं तुह्या झाडाले!"

"रोग नोहे मावशी, बांगड्यायची लाख हाये. म्याच किडे सोडले."

लोक किड्यांवर औषध मारतात, ही पोसते! जिवंत किड्यांची लाख लागलेल्या काड्यांना इथं बिहन (बियाणं) म्हणतात. त्यांच्या जुड्या दुसऱ्या बोरीला बांधल्या की किडे आपोआप चढतात. मात्र एकदा ते निघू लागले की वेळ थोडाच. पुष्पाकडं बिहन भरपूर उरलं होतं. तिच्या सांगण्यावरून शेजारच्या बायकांनी किड्यांना कोवळी फूट मिळावी म्हणून बोरी छाटल्या होत्या, पण पुढं "बघू" वर गाडी अडलेली.

दुपारी लाखेचा व्यापारी आला. "दीदी, बिहन भी गाडी में डाल दो. तुमसे कौन लेगा?"

जावई कुजबुजले, "देऊन टाक नं. किडा निघून गेला तं नुसत्या काड्याच राहतीन."

"तुमी त्याले चहा पाजा," पुष्पा म्हणाली आणि व्यापाऱ्याकडं वळली. "लाख उठाओ भैया. बिहन नहीं दूंगी. यहां सबको मैं ही दूंगी."

मला माझं तरुणपण आठवलं. मोठ्या तोऱ्यात सरगुंडे (काडीवर वळलेल्या कणकेच्या शेवया) विकायला काढले होते. पहिलं गिऱ्हाईक दारात आलं आणि मी मोरीत जाऊन बसले! यजमानांनी भाव विचारायला मोरीचं दार वाजवलं. म्हणे उद्योजिका!

संध्याकाळपर्यंत बिहन न्यायला कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी परत येऊन पाहतो तर काड्यांवर बारीक लाल ठिपके चालू लागलेले. जावयांचा चेहरा उतरला. पुष्पानं बिहनचं टोपलं डोक्यावर घेतलं आणि थेट शेजारच्या फुलबाईचं अंगण गाठलं.

"एक पेड में बांधती हूं. कीडा नहीं चढा तो सबके सामने गाली देना."

फुलबाई फांदीला नाक लावून उभी राहिली. बऱ्याच वेळानं ओरडली, "चढत हे दीदी! मोर ओ पार के बोइर मा घलो बांध दे!" (माझ्या पलीकडच्या बोरीलाही बांध.) तशा कुंपणाबाहेरून पाहणाऱ्या बायका आत आल्या. हौसेनं मीही एक जुडी बांधली.

"मावशी," पुष्पा ती सोडवत म्हणाली, "थो निंब हाये."

परतीच्या गाडीत डोंगरगड गेलं तसा जावयांचा फोन आला. "मावशी, टोपलं रिकामं! बायका पुढच्या खेपेचंबी आत्ताच सांगून राहिल्या. म्या तं पैलेच म्हटलं होतं, व्यापाऱ्याले देऊ नको!"

मी हसून फोन ठेवला. पुष्पाला स्वतःवर भरवसा आधीपासून होता, की फुलबाईच्या झाडाखाली आला, कोण जाणे. टोपलं मात्र तिनं त्या भरवशाची वाट न पाहता उचललं होतं.