दिराच्या नावावरचं पुस्तक

गावातल्या निम्म्या मुलींच्या हातात पहिली पाटी मी दिली, आणि त्याच गावच्या वाचनालयातून मला पुस्तक हवं असलं तर ते माझ्या दिरांच्या नावावर काढावं लागे. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. शाळेच्या मस्टरवर सही माझी, पगार माझ्या हातात, मुलीला वाढवते मी; आणि पुस्तक कोणाच्या नावावर? तर पंचांगापलीकडे आयुष्यात काही न वाचलेल्या गृहस्थांच्या!

आमचं गाव बोर्लीहून दोन कोसांवर, समुद्राच्या अंगाला. नवरा गेल्यावर पुण्याला जाऊन मी ट्रेनिंग केलं, केस राखले आणि पदरात चार वर्षांची मुलगी घेऊन इथल्या मुलींच्या शाळेवर रुजू झाले. केस राखले म्हणून सुरुवातीला कोणी घर देईना, गावातच राहणाऱ्या माझ्या दिरांनीही नाही. शेवटी एका काकूंनी पडवीची खोली दिली. काकू तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, सोवळ्या, केस उतरवलेल्या, तांबड्या आलवणातल्या. नारळी-पोफळीची वाडी होती, मूलबाळ नव्हतं. मला वाटलं होतं, ह्याच जास्त नाक मुरडतील. पण पहिल्याच दिवशी माझ्या वेणीकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "अगो, तेल लावत जा. कोरडे दिसतात." बस्स. त्या विषयावर त्या मला पुन्हा काही बोलल्या नाहीत.

चैत्रात शाळा सकाळची व्हायची. दुपारी काकूंच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, मांडवाखाली सात-आठ बाया वाळलेल्या सुपाऱ्या सोलायला बसत. हात चालू, तोंडं मोकळी. मग साऱ्या गावाची उणीदुणी निघत. एकदा मी कंटाळून पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. त्या दिवसापासून माझी सुटका नाही. खोलीतून बाहेर यायला जरा उशीर झाला की हाक यायची, "बाई, येताव ना? म्होरं काय झालं त्या पोरीचं?"

त्या वर्षीचं पुस्तक एका बालविधवेचं होतं. घर सोडून ती नर्सिंग शिकते, दवाखान्यात नोकरी धरते. काकू जराशा लांब, सोवळ्यात बसायच्या, जणू ऐकतच नाहीत. पण रोज उठताना एकच प्रश्न. "तिनं केस राखले का गो?" मी म्हणायची, अजून तिथवर आलं नाही, काकू.

तिथवर आलंच नाही. वाचनालयाच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या मंडळींना एक दिवस उद्योग नव्हता, म्हणून त्यांनी पुस्तकं दिल्याची वही चाळली. त्यात माझ्या दिरांच्या नावापुढे एकाखाली एक काय? बाळंतिणीची जोपासना, बालसंगोपन, आणि ही विधवेची कादंबरी. झालं! "काय हो, औंदा घरात पाळणा हलणार वाटतं?" दीर दिसले रे दिसले की हशा. मला सांगा, ह्यात वेडंवाकडं काय होतं? बाळंतिणीचं पुस्तक मी वाचायची कारण शेजारच्या बायका अडल्यानडल्या माझ्याकडे यायच्या. ते त्या टवाळांना ठाऊक होतं. पुस्तक कोण वाचतंय हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी हसले.

दीर तसे वाईट नव्हते, भित्रे होते. भरदुपारी घामाघूम होऊन खळ्यात आले. सगळ्या बायांसमोर म्हणाले, "वहिनी, ते पुस्तक द्या. मी नाव काढून टाकलंय वाचनालयातून."

"भाऊजी, शेवटची साठ पानं राहिलीत. दोन दिवसांत देते."

"लोक हसतात हो मला!"

"मग हसू देत की! हसण्यानं अंगाला भोकं पडतात?"

त्यांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं आणि गेले. एकाही बाईचा हात चालेना. दवाखान्याच्या दारात त्या मुलीचे सासरचे लोक तिला परत न्यायला येऊन उभे होते, आणि आम्ही सगळ्या तशाच मध्ये लटकलेल्या.

इतर कोणत्याही वर्षी मी थोडी थांबलेही असते. पण काकू त्या वर्षी कायमच्या मुंबईला भाच्याकडे निघाल्या होत्या. त्यांना वाडी झेपेना, भाच्यानं ती खंडानं कसायला दिली होती. पावसाळ्याआधीची शेवटची बोट धरायची, एवढं ठरलेलं. मला घर मिळालं ते ह्या बाईमुळे, आणि तिला साठ पानं वाचून दाखवण्याची माझी ताकद नसावी?

दुसऱ्याच दिवशी मी वाचनालयाची पायरी चढले. त्याआधी कोणी बाई ती चढली नव्हती. पाच-सहा पुरुष होते. एकेकाचा चेहरा वर्तमानपत्रामागे गेला. त्यातल्या चौघांच्या मुली माझ्या वर्गात! चिटणीस उठून उभे राहिले. "बाई, तुम्ही कशाला तसदी घेतलीत?"

"मला माझ्या नावानं वर्गणीदार व्हायचंय."

"तशी पद्धत नाही आपल्याकडे."

"नियम दाखवा."

त्यांनी नियमांचा कागद काढला, खालीवर पाहिला. बायकांना पुस्तक देऊ नये असं त्यात कुठंही नव्हतं. कुणाला तसं लिहून ठेवायची गरजसुद्धा वाटली नव्हती, ह्याचाच मला जास्त संताप आला. माझं पुस्तक कपाटात काचेमागे समोर दिसत होतं. मी बोट दाखवून म्हटलं, "निदान तेवढं द्या. परवा आणून देते." ते म्हणाले, "सभेपुढे ठेवावं लागेल. सभा आता दिवाळीनंतर." वर हसून पुढे म्हणाले, "आणि तुम्हांला काय कमी आहे वाचायला, बाई? शाळेची पुस्तकं आहेतच की."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी एक शब्द न बोलता उतरले. त्याचा राग मला अजून स्वतःवर येतो.

काकू गेल्या. बंदरावर पडावात बसताना माझा हात धरून म्हणाल्या, "शेवट कळला की कळव हो." एवढंच. लांब उभ्या बोटीकडे पडाव गेला तोवर मी मुलीला घेऊन उभी होते. मुलगी विचारत होती, "आई, तू रडतेस की चिडलीस?" दोन्ही, बाळ.

पावसाळ्यानंतर अलिबागेहून डेप्युटीसाहेब शाळा तपासायला आले. संध्याकाळी वाचनालयात त्यांचा सत्कार. शाळेची बाई म्हणून मला दाराशी खुर्ची दिली होती. साहेबांनी सहज विचारलं, "तुमच्या गावातल्या स्त्रिया वाचनालयाचा लाभ घेतात ना?" चिटणीस म्हणाले, "हो तर! अगदी उत्साहानं." मी उठले. "नाही साहेब. मी इथं पुस्तक मागितलं तर मला मिळालं नाही." हार घालायला आलेले गृहस्थ हार हातात धरून तसेच उभे राहिले. दुसऱ्या आठवड्यात माझं नाव वहीत चढलं. सभेबिभेची कुणाला आठवणही झाली नाही.

पहिलं पुस्तक अर्थात तेच काढलं. घरी आल्या आल्या पदर खोचून उंबऱ्यातच बसले आणि साठ पानं एका दमात वाचली. सासरचे तिला परत नेतात. तिथं तिचे केस उतरवतात. आणि शेवटच्या पानावर ती विहिरीत उडी घेते. लेखकमहाशयांनी त्यावर दोन ओळी हळहळही व्यक्त केली आहे. अहो, तुम्हांला दोनशे पानं तिला शिकवायला कुणी सांगितलं होतं? इतकी शहाणी, कर्ती मुलगी, आणि तिचं काय करावं हे सुचेना म्हणून ढकलली पाण्यात! मी पुस्तक भिंतीवर फेकलं. मुलीनं ते उचलून फडताळात ठेवलं.

काकूंना कार्ड लिहिलं: ती परत गेली नाही. दार लावून घेतलं. नोकरी टिकवली. केस राखले, चांगले लांब.

आठ दिवसांत भाच्याच्या अक्षरात उत्तर आलं. "केसांचं लिहिलंस, बरं वाटलं. पण खोटं लिहितेस हे कळतं हो मला. ते तिला जगू देणार नाहीत हे मी तेव्हाच ओळखलं होतं. माझं काय, मी म्हातारी. खळ्यातल्या बायांना मात्र तू लिहिलंस तेच वाच."

पुढच्या चैत्रात खंडकऱ्यानं खळ्यात मांडव घातला, सुपाऱ्या आल्या, त्याच बाया आल्या. मी पुन्हा तेच पुस्तक काढून आणलं आणि उरलेलं वाचायला घेतलं. सासरचे दारात येतात तिथवर छापलेलं. पुढे पानावर डोळे ठेवून माझं. "परत जायची नाही," ती म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "बरा केलान!" माझी मुलगी माझ्या खांद्यावरून पानात बघत होती. आठ वर्षांची झाली होती, फडाफडा वाचायची, मीच शिकवलेलं.

"आई, इथं तर विहिरीचं लिहिलंय."

सगळ्यांचे हात थांबले. एकीनं हलकेच विचारलं, "व्हय बाई?"

मी होकारार्थी मान हलवली. मग मुलीला म्हटलं, "आत जा आणि माझी तांबडी शाई आण. वह्या तपासायची."

तिचे डोळे एवढाले झाले. "आई, वाचनालयाचं पुस्तक आहे ते! कुणाला बोलतील?"

"मला बोलतील," मी म्हटलं. "माझ्या नावावर आहे."