दगड चाटणाऱ्या बाई

दर हिवाळ्यात त्या भंडारदऱ्याला दगड गोळा करायला येतात आणि माझ्या खानावळीत जेवतात. दगडी ग्रह कसे घडतात, त्यांच्यावर पाणी कसं येतं, हा त्यांचा अभ्यास. दगड ओळखायला त्या तो चाटून बघतात, म्हणून गावाने त्यांना जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्यांत जमा केलं.

आमची विहीर मार्चात आटते आणि बोअर एकदाच घेणं जमणार होतं. माझे दीर म्हणाले, "ताई, चाटून सांगा की, पानी कुठं लागंल?"

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "भाऊ, पृथ्वीवर पाणी कुठून आलं हेच आमचं अजून नक्की ठरलेलं नाही. तुमच्या रानातलं मला नाही सांगता येणार."

असं म्हणणारा पाणाड्या मी पाहिलेला नाही. पाणाड्याने हातावर धरून पाणी बघावं म्हणून आणलेला नारळ मी चटणीला फोडला आणि बोअरची जागा तपासून द्या म्हणून भूजल कार्यालयात अर्ज दिला.